उजवा हात कुणाचा

चार वर्षं आम्ही पाहुणे होतो. भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मामाचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. त्याच्या मागच्या व्हरांड्याला पत्रे ठोकून केलेल्या जागेत आई, बाबा आणि मी राहत होतो. क्वार्टरमध्ये मामाच्या कुटुंबाखेरीज कोणी कायम राहायचं नाही असा नियम होता. इस्टेट ऑफिसचा बाबू महिन्या-दोन महिन्यांनी वही घेऊन सायकलवर यायचा. तो वळणावर दिसला की शेजारच्या काकू कुंपणावरून मोठ्यानं खोकायच्या. तो खोकला ऐकला की आई हातातलं काम टाकून बरी साडी नेसायची. मी बाबांचा फौजेतला होल्डॉल, ती जाड कॅनव्हासची वळकटी, ओढत दारात आणायचे आणि त्याचे पट्टे आवळायचे.

"कब आए?" बाबू विचारायचा.

"कल ही," आई म्हणायची. "परसों की गाड़ी से जाएँगे."

होल्डॉल कुठल्याही गाडीत चढला नाही. बाबूलाही ते ठाऊक असावं. तो वहीत काहीतरी टेकवून जायचा, आणि मामी आतून म्हणायची, "पाहुण्यांनी नळ आला का तेही पाहावं जरा." आई उठून बादल्या भरायची. मामी वाईट नव्हती. तिच्या दोन खोल्यांत आमची तीन माणसं होती, आणि चार वर्षं थोडी नसतात.

आता मी भोपाळातच, अवधपुरीत राहते. घर स्वतःचं आहे. मार्च संपत आला की कॉलनीच्या टोकाच्या काटेसावरीची बोंडं फुटतात आणि तिचा कापूस खिडकीतून आत येतो. इथे तिला सेमल म्हणतात; मीही आता सेमलच म्हणते. शेजारची बारावीतली मुलगी गच्चीवर फेऱ्या मारत पाठांतर करते, कोणाच्या तरी कूलरमध्ये नवा वाळा बसतो आणि त्याचा ओला वास गल्लीभर पसरतो. लोकांना हे दिवस उन्हाळ्याचे वाटतात. माझ्या मनगटाभोवती मात्र पाच बोटं येऊन बसतात. दरवर्षी. मी चहाचा कप खाली ठेवते आणि मनगट चोळत बसते.

बाबा यवतमाळकडच्या एका खेड्यातले. शाळा दुसरीपर्यंत, मग गुरं, मग आखाडा, आणि आखाड्याच्या जोरावर फौज. अक्षरं त्यांना ओळखता यायची, पण एकेक, बोट ठेवून, देवळाबाहेर आपली चप्पल शोधावी तशी. सही करत. त्यापलीकडे लिहिणं नव्हतं. पलटणीत हे कसं निभावलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिथं हात पाहायचे बाई, अक्षर नाही."

हातच होते ते. हत्यार हातातून पडल्यावर माणसानं काय करायचं, हा त्यांचा विषय. कुस्तीला वेळ लागतो, माती लागते, पंच लागतो, आणि समोरच्याचा मान राखावा लागतो. लढाईतल्या माणसाला दोन श्वासांत सुटायचं असतं. बाबांनी कुस्ती सोलून सोलून तिचा गाभा काढला. कमी ताकदीच्या माणसानं जास्त ताकदीच्या माणसाच्या हातातून कसं सुटावं, हे त्यांनी पलटणीतल्या शेकडो जवानांना शिकवलं. ते कोणी त्यांना शिकवलं नव्हतं. त्यांचं एक वाक्य मी अजून झोपेत बोलते असं माझे यजमान म्हणतात: "चार बोटं म्हणजे भिंत. अंगठा म्हणजे दार. दार सोडून भिंतीला कोण धडकते?"

सरावातल्या एका स्फोटात त्यांचा एक कान गेला आणि फौजेनं घरी पाठवलं. घर म्हणजे मामाचा व्हरांडा. काम मिळालं ते ठेकेदाराकडे, कारखान्याच्या मालगेटवर पहारेकऱ्याचं. ज्यांनी माणसं घडवली ते ट्रकचे नंबर मोठ्यानं ओरडायचे आणि आतला पोरगेला कारकून ते लिहून घ्यायचा.

त्या गेटवरच ते घडलं. एक ट्रकवाला पिऊन आला, लोखंडी सळई घेऊन वजनकाट्यावरच्या माणसाच्या अंगावर धावला. बाबा मध्ये गेले. पाहणाऱ्यांनी सांगितलं की त्यांनी मारलं असं काही दिसलंच नाही. सळई खाली वाजली आणि तो ट्रकवाला जेवायला बसावा तसा मांडी घालून जमिनीवर बसला होता. बंदोबस्ताच्या कामानं आलेले पोलिसांचे एक अधिकारी जीपमधून हे बघत होते. भरती झालेल्या बायकांचं ट्रेनिंग त्यांच्याकडे होतं. आम्ही त्यांना कायम 'मोठे साहेब' म्हणत आलो, इथेही तेच म्हणते.

त्या काळी आमच्याकडे पोलिसांत आलेल्या बायकांना परेड शिकवत, कागदपत्रं शिकवत. अंगावर आलेल्या माणसाचं काय करायचं, हे कोणी शिकवत नव्हतं. ते काम पुरुष शिपायांचं. मोठ्या साहेबांनी बाबांना आठवड्यातून तीन सकाळी मैदानावर बोलावलं, तात्पुरतं. तिथल्या परेडच्या उस्तादांना याची मोठी गंमत वाटली.

"बाइयों को चूड़ी उतारना सिखा रहे हो क्या, हवलदार साहब?" एकानं विचारलं.

"चूड़ी पहने-पहने छूटना सिखा रहा हूँ," बाबा म्हणाले. "आप भी आ जाओ, पकड़ने वाला कम पड़ रहा है."

हे त्यांनी घरी येऊन दोनदा सांगितलं. आई हसली तेव्हा तिसऱ्यांदा सांगितलं. त्या व्हरांड्यात हसू फार येत नसे, म्हणून लक्षात आहे.

होळी झाली आणि मोठे साहेब बाबांना म्हणाले की मला हे कायमचं सुरू करायचं आहे. उस्तादाची जागा तयार करतो, तिच्यासोबत पोलीस लाइनीत क्वार्टर असेल. पण वर पाठवायला कागद लागतो. "किताब लाओ, हवलदार. एक-एक पकड़, एक-एक तोड़. ऐसी कि तुम न रहो तब भी कोई पढ़कर सिखा दे."

बाबा "जी साहब" म्हणाले आणि घरी आले. मामा एप्रिलच्या शेवटी निवृत्त होणार होता, म्हणजे त्याचं क्वार्टर जाणार होतं आणि आमचा व्हरांडाही. तो उमरखेडला भावाकडे निघाला होता. आम्हाला जायला जागा नव्हती. हे सगळं व्हरांड्यात सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी फक्त विचारलं, "बाई, लिहून देशील?"

माझी बी. ए.ची शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मी हो म्हटलं, आणि म्हणताना मला गर्व वाटला, हे लपवत नाही. जिथे बाबांचे हात पोचत नव्हते तिथे माझं अक्षर पोचणार होतं.

मग त्या सकाळी. क्वार्टरच्या मागे सेमलच्या झाडाखाली, ऊन चढायच्या आत. मी धरायचे, बाबा सुटायचे, मी लिहायचे. राज्यशास्त्राच्या वहीच्या मागच्या बाजूला एकेक पकड उतरत गेली. आधी मागून घातलेल्या मिठ्या, मागून आवळलेला गळा. मग समोरून धरलेलं मनगट, समोरून धरलेली कॉलर, केस. "जोरानं धर," बाबा म्हणायचे. "जेवली नाही का तू?" मी दात ओठ खाऊन धरायचे आणि पापणी लवायच्या आत माझे हात रिकामे असायचे. दर वेळी. पाण्याला धरून ठेवावं आणि ते जावं तसं. कापूस उडत असायचा, बाबांच्या मिशीला चिकटायचा. आई भाजी निवडत पायरीवर बसून सगळं बघत असायची.

एकदा मी म्हटलं, "बाबा, मलाही शिकवा ना सुटायला."

"आधी परीक्षा दे," ते म्हणाले. "शिकलेल्या माणसाला कोणी धरत नाही."

हे वाक्य मी आयुष्यभर बरोबर वागवलं आहे. नोकरीत, सासरी, बँकेच्या रांगेत, इस्पितळाच्या खिडकीवर. ते खरं नाही. पण ज्या माणसानं ते म्हटलं त्याला ते किती खरं वाटत होतं, ते मला त्या सकाळी त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं होतं. त्यामुळे ते खोटं म्हणायला जीभ अजून रेटत नाही.

एकतीस पकडी झाल्या. हिंदीत सुवाच्य उतरवून मी वही जवाहर चौकात टायपिंगवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी दोन पानं वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बेटी, ये किसी का गला दबाने की किताब है?"

"छुड़ाने की, चाचा."

"तब ठीक है," ते म्हणाले आणि कागद सरकवला.

टाइप झालेली पानं बाबांनी हातात घेतली, वजन केल्यासारखी. मी म्हटलं, वाचून दाखवू का? ते म्हणाले, "तू लिहिलं ना, मग झालं." मोठ्या साहेबांनी पहिली काही पानं मैदानावरच एका उस्तादाकडून करून बघितली. ती मागून धरण्याची पानं होती. सगळं बरोबर आलं. साहेब खूश झाले. पुढच्या आठवड्यात हवलदाराशिवाय, नुसत्या पुस्तकावरून एक तास घेऊन बघू, म्हणाले. त्या दिवशी बाबांना ठेकेदारानं रजा दिली नाही, ते गेटवर होते. ते बरंच झालं, पुस्तकाचीच परीक्षा आहे, असं मी म्हटलं. मी तसं म्हटलं होतं.

उस्ताद वाचत होता. सुशीला नावाची विशी-बाविशीची शिपाई सुटणारी होती, तिची मैत्रीण धरणारी. समोरून मनगट धरलेलं. पुस्तकात लिहिलं होतं, दाहिनी ओर घूमो, पूरे वज़न से. सुशीला आज्ञाधारक होती. ती पूर्ण वजनानिशी फिरली, दाराकडे नाही, भिंतीकडे. धरणारीचा हात सुटला नाही, दोघी पडल्या, आणि खालच्या सुशीलाचा खांदा निखळला.

बाबा दुपारी घरी आले. उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली बसले आणि बूट न काढता म्हणाले, "पुस्तकात चूक निघाली. एका पोरीचा खांदा निखळला."

"कुठली चूक?"

"माझीच."

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. साहेबांनी बाबांना गेटवरून बोलावून घेतलं होतं आणि पानं त्यांच्यासमोर धरून विचारलं होतं, हे कोणी लिहिलं. बाबा म्हणाले होते, "मैंने, साहब." साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मी वही काढली, ती पकड वाचली, पुन्हा वाचली. मला चूक दिसेना. मी डोळे मिटून ती सकाळ आठवली: माझा हात, त्यांचं मनगट, ते फिरलेले, उजवीकडेच फिरलेले. जे पाहिलं तेच तर लिहिलं होतं. मग मुलगी का पडली? तिनंच काही चुकवलं असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. इतकं खाली माणूस जातं, आणि जाताना कळतही नाही.

ते दिवस कसे गेले ते लिहिता येत नाही नीट. इतिहासाचा पेपर दिला. काय लिहिलं ते घरी येईपर्यंत विसरले. बाबा गेटवर जात, परत येत, भिंतीकडे तोंड करून पडत. चांगला कान खाली घेऊन पडत, म्हणजे काही ऐकू यायला नको. मामीचं सामान बांधून होत आलं होतं. भांडी पोत्यात, देव टोपलीत. तिनं एकदा आईला हळूच विचारलं, "मग ताई, तुमचं काय ठरलं?" तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

आणि मग कुंपणावरून काकू खोकल्या. मी होल्डॉलकडे धावले. आई चटईवर बसली होती.

"राहू दे," ती म्हणाली.

"आई, बाबू आला."

"राहू दे म्हटलं ना."

बाबू आला. दोरीवर आमचे कपडे, कोपऱ्यात आमची चूल, अंथरूण पसरलेलं. "मेहमान गए नहीं?" त्यानं विचारलं.

"जाना कहाँ है, भैया," आई म्हणाली.

त्यानं दोरीकडे बघितलं, चुलीकडे बघितलं. मग खरंच वहीत लिहिलं, नेहमीसारखं टेकवून नाही, ओळभर. चौथ्या दिवशी मामाला नोटीस आली, की बाहेरच्या माणसांनी पंधरा दिवसांत जागा सोडावी. मामा ती हातात घेऊन बराच वेळ अंगणात उभा होता. आत येऊन आम्हाला सांगणं त्याला जमत नव्हतं.

त्याच दुपारी आईनं मला झाडाखाली बोलावलं. "ती पुस्तकाची वही आण. मला वाचता येत नाही, पण करता येते. तू वाच आणि मला धर."

मी वाचलं आणि तिचं मनगट धरलं. आई पुस्तकाप्रमाणे उजवीकडे वळली आणि अडकली. तिनं पुन्हा केलं. पुन्हा अडकली. मग ती थांबली, माझ्या हाताकडे बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि म्हणाली, "बाप्पा. अगं, हे तुझ्याकडून लिहून राहिली तू."

"म्हणजे?"

"तू नेहमी धरणारी ना. तुझा उजवा म्हणजे त्यांचा डावा. समोर उभी राहून तू तुझ्या बाजूनं लिहिलं. मागून धरलं तर दोघांची तोंडं एकीकडे, म्हणून तिथं बरोबर आलं."

मी खाली बसले. मातीत कापसाचे पुंजके होते, त्यात मुंग्या अडकल्या होत्या. समोरच्या सतराच्या सतरा पकडी मी उलट्या लिहिल्या होत्या. सुटण्याचं पुस्तक मी धरणाऱ्याच्या हातानं लिहिलं होतं. एकतीस पकडी लिहिल्या, आणि त्यातल्या एकीतूनही मी स्वतः कधी सुटले नव्हते. मला कोणी धरलंच नव्हतं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. म्हटलं, मी साहेबांकडे जाते, सांगते की चूक माझी आहे.

"नाही."

"पण तुमचं काही चुकलंच नाही."

"चुकलेला मास्तर चालते," बाबा म्हणाले. "आज चुकला, उद्या सुधारेल. ज्याला लिहिता येत नाही असा मास्तर कोण ठेवील? तू हे सांगितलं, मग माझं उरलं काय?"

मी गप्प बसले तर ते वाईट मास्तर ठरत होते. बोलले तर अडाणी. दोन्हीकडे भिंत. त्या रात्रभर नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पूर्ण तीन तास मी हाच विचार करत होते, आणि शेवटची पाच मिनिटं उरलेली असताना मला वाटलं की हे त्यांचं सांगणं आहे, त्यांच्या बाजूचं. तिकडे एक मुलगी हात गळ्यात बांधून बसली आहे, आणि तिला वाटतं आहे की तिला चुकीचं शिकवलं ते माझ्या बाबांनी.

परीक्षेहून मी घरी गेले नाही. बस बदलून मैदानावर गेले. मोठे साहेब कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. बाजूच्या कट्ट्यावर झोळीत हात घालून एक मुलगी बसली होती. नाव विचारावं लागलं नाही.

मी सांगितलं. हिंदी माझी बरी आहे, पण त्या दिवशी मराठी, हिंदी सगळं एकात एक गेलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तो हवलदार ने झूठ क्यों बोला?"

"उन्हें लिखना नहीं आता, साहब. सिर्फ़ दस्तख़त आता है. उन्हें लगा, ये सुनकर आप उन्हें मास्टर नहीं मानोगे."

"और तुम्हें क्या लगता है?"

मला काय वाटत होतं ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मेरी ग़लती से इनका कंधा गया. बाक़ी आप देखो."

कट्ट्यावरची सुशीला पुढे सरकली. ती सीहोरकडची, शेतातून आलेली पोर. म्हणाली, "साहब, हवलदार जी ने हाथ से जो सिखाया उसमें कभी कोई नहीं गिरा. मैं उसी दिन समझ गई थी कि काग़ज़ में कुछ उल्टा है. मुझसे किसी ने पूछा ही नहीं."

साहेबांनी दोन दिवस दिले. किताब ठीक करके लाओ. हवलदार को भी लाओ. पढ़ने वाला कोई और होगा, और छूटकर दिखाएगी लिखने वाली.

बाबा यायला तयार नव्हते. आईनं त्यांचा जुना गणवेश इस्त्री करून खाटेवर ठेवला. ते आले. मैदानावर पन्नासेक बायका गोल करून बसल्या होत्या. परेडचे उस्ताद मागे उभे होते. साहेबांनी पुस्तक सुशीलाच्या चांगल्या हातात दिलं.

"हवलदार, तुम पकड़ोगे. बोलोगे कुछ नहीं."

बाबा माझ्यासमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी धरलं नव्हतं. रस्ता ओलांडताना सुद्धा ते पुढे चालत आणि मी मागे. त्यांनी माझं उजवं मनगट धरलं. मला वाटलं होतं थोडं ढिलं धरतील. त्यांनी ढिलं धरलं नाही. ढिलं धरणं उस्तादांना दिसलं असतं, आणि मग सगळंच गेलं असतं. पण मला वाटतं त्यांना तसं धरताच येत नव्हतं. हाड कुठे संपतं आणि बोटं कुठे सुरू होतात ते कळेना. मी घाबरले. मी सरळ मागे ओढलं, कोणीही ओढेल तसं. हललं नाही. मागून एक उस्ताद हसला. बाबांच्या तोंडावर काही नव्हतं. त्यांचे डोळे मात्र माझ्या डोळ्यांत नव्हते. ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते.

सुशीला वाचत होती, शाळेत धडा वाचावा तशी, स्पष्ट. "दाहिना मतलब छूटने वाली का दाहिना. पकड़ने वाले को भूल जाओ." ही ओळ मी दोन दिवसांपूर्वी प्रत्येक पानावर सगळ्यात वर घातली होती. "पकड़ने वाले का अँगूठा देखो. कोहनी मोड़कर पास लाओ. अब अँगूठे की ओर घूमो, पूरे वज़न से."

मी कोपर जवळ घेतला. दार दिसलं. मी फिरले.

माझा हात माझ्याकडे होता. बाबांची मूठ हवेत रिकामी राहिली होती, आणि ते तिच्याकडे बघत होते, जणू ती त्यांची नव्हे. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. साहेब म्हणाले, "अगला." सतरा झाल्या. नवव्या पकडीला मी चुकले, आणि सुशीलानं न सांगता तीच ओळ पुन्हा वाचली.

शेवटी साहेब बाबांना म्हणाले, "हवलदार, जगह दूँगा. पर उस्ताद के लिए आठवीं पास लिखा है, वो मैं नहीं बदल सकता. दो साल देता हूँ."

"जी साहब," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी तेव्हा ओळखला नाही.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. टी. टी. नगर गेल्यावर म्हणाले, "दुखून राहिलं का?"

"हो."

"निळं होईल." मग खिडकीतून बाहेर बघत, "लोणी लाव."

एवढंच. आज सेमलचा कापूस आत आला की मला ती बस आठवते, तिची तापलेली सीट, आणि माझ्या मनगटावर उमटत चाललेली ती पाच बोटं. त्यांच्या प्रेमाचा दुसरा कुठला ठसा माझ्याकडे नाही. हे दुःखानं सांगत नाही. जो आहे तो खोल आहे.

सुशीला मागेच निवृत्त झाली. थंडीत खांदा दुखतो म्हणते, आणि मी विषय बदलते, आणि तिला ते कळतं. पुस्तक सुधारलं, पुढे किती तरी तुकड्या त्यावरून शिकल्या. पण ते सुधारण्याआधी एक खांदा गेला होता आणि तो माझ्या नावावर आहे. मी शिकलेली होते, आणि ज्याच्यासाठी लिहायचं त्याच्या जागी एकदाही उभी राहिले नव्हते. पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं. फळ्यावर काही लिहायच्या आधी मी वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसून यायचे. मुलं हसायची. हसू द्यायचे.

मामा उमरखेडला गेला त्याच आठवड्यात आम्ही पोलीस लाइनीत राहायला गेलो. होल्डॉल पहिल्यांदाच कुठेतरी खरोखर पोचला. त्यातून बाबांचं आयुष्य निघालं: दोन कांबळी, एक पितळी पेला, आखाड्यातला लंगोट. आईनं ते सगळं उन्हात घातलं आणि रिकामा होल्डॉल घडी करून माळ्यावर टाकला.

मग पुढची दोन वर्षं, मार्च आला की त्या घरात परीक्षेला बसणारी व्यक्ती बाबा होते. सकाळी मैदानावर पन्नास बायकांना सुटायला शिकवून यायचे आणि दुपारी माझ्यासमोर पाटीवर वाक्यं लिहायचे. पेन्सिल अशी धरायचे की मोडायची. "बाबा, ढिली धरा," मी म्हणायचे. "ढिलं धरणं येत नाही ना बाई," ते म्हणायचे. पहिल्या वर्षी ते गणितात आणि हिंदीत नापास झाले. लाइनीतली मुलं त्यांच्या आधी निकाल बघून आली होती, आणि त्यांच्याकडे बघत नव्हती. त्या संध्याकाळी ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले, चांगला कान खाली घेऊन. सकाळी उठून त्यांनी स्वतःच पाटी काढली.

मी बी. ए. दुसऱ्या वर्गात पास झाले. बाबा दुसऱ्या वर्षी आठवी पास झाले, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, आणि उस्तादाच्या जागेवर कायम झाले. क्वार्टरच्या दारावर नावाची पाटी लागली. ती त्यांनी स्वतः लिहिली.